पाहिलेली नक्षी आणि उतरवलेली नक्षी



अलीकडे आपल्या लोकांच्या घरांत एक गोष्ट फार दिसू लागली आहे. चहाचे कप, उशांचे अभ्रे, टेबलावरचे कापड, भिंतीवरचे घड्याळ, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, जिकडे पाहावे तिकडे तांबड्या रंगावर पांढरी, दोन त्रिकोणांची माणसे हातात हात घालून फेर धरताना दिसतात. भारतात जाऊन आलेला प्रत्येक जण पिशवीतून असे काहीतरी आणतोच. हे काय म्हणून विचारले तर उत्तर तयार असते : "वारली." फेराच्या मधोमध जो उभा आहे तो कोण, त्याच्या तोंडाला काय लावले आहे, असे विचारले की मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

वस्तू आणणाऱ्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आपल्या मुलखाची आठवण म्हणून माणूस काहीतरी घरी ठेवतो, त्यात वावगे काही नाही. पण रंगवलेली नक्षी निसर्गातून येते, असे आपण सगळेच सहज म्हणून जातो. ती येते म्हणजे नेमके काय होते, कोणती नक्षी जिवंत राहते आणि कोणती कपावर येऊन मरते, याचा नीट विचार करावा असे आम्हांला वाटले. तो विचार करताना डहाणूच्या भिंती, अजिंठ्याचे छत, नेगेवमधले विणकाम आणि कुवेतमधल्या जलीब अल शुयूख या वस्तीत रंगवलेली एक वही, असे चार ठिकाणांचे दाखले घेणार आहोत. शेवटी आपल्या तोरातल्या दोन फळझाडांकडे येऊ.

आधी शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. आमच्या पिढीने मराठी शाळेत चित्रकला शिकली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांसाठी. त्यांत निसर्गचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे निरनिराळे विषय असत. निसर्गचित्राला समोर जास्वंदीची किंवा कण्हेरीची फांदी ठेवीत. स्मरणचित्राला समोर काहीच नसे, पाहिलेले आठवून काढायचे. आणि संकल्पचित्र म्हणजे आखून दिलेल्या चौकोनात किंवा पट्टीत नक्षी भरायची. ज्याचे पहिले दोन विषय कच्चे त्याचा तिसरा कधी पक्का होत नाही, असे आमचे ड्रॉइंगचे मास्तर सांगत. त्या वयात ते बोलणे मार्कांपुरते वाटे. आज वाटते, नक्षीचे सगळे शास्त्र त्यात आले.

चित्रात वस्तू एकदा येते. नक्षीत ती पुन्हा पुन्हा येते. पुन्हा पुन्हा यायचे तर तिला हलके व्हावे लागते, अंगावरचे पुष्कळसे उतरवून ठेवावे लागते. जास्वंदीची पाकळी, तिच्या शिरा, तिच्यावरची मुंगी हे सगळे चित्राला चालते. नक्षीला त्यातले एकच काहीतरी हवे असते, बाहेर आलेला तुरा किंवा पाकळीचे वळण. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ज्याला कळते तो नक्षीकार. आणि हे कळायला ती वस्तू पुष्कळदा, निरनिराळ्या वेळी पाहिलेली असावी लागते. निसर्गाचे स्वतःचे काम तर आधीच नक्षीचे आहे. फणसाच्या सालीवरचे काटे पाहा, सीताफळाचे डोळे पाहा, ओहोटीनंतर किनाऱ्याच्या वाळूवर उमटलेल्या रेघा पाहा. सूर्यफुलाच्या बिया दोन्ही दिशांना वळणे घेत बसलेल्या असतात. मोजली तर ती वळणे बहुधा ३४ आणि ५५ भरतात. पण नुसते मोजून नक्षी होत नाही. नक्षी व्हायला ती वळणे कोणाच्या तरी हाताला आवडावी लागतात.

आता वारल्यांकडे जाऊ. पूर्वीचा ठाणे जिल्हा आणि २०१४ पासूनचा पालघर जिल्हा, त्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतल्या कुडाच्या झोपड्यांत ही चित्रे निघत. भिंत शेणाने आणि गेरूने सारवायची, तांदूळ वाटून त्याचे पीठ पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करायचा. एवढीच सामग्री. लग्नाच्या घरी सुवासिनी भिंतीवर चौक काढीत आणि चौकात पालघट देवी बसवीत. ती झाडापेराची, वाढीची देवी. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नसे. चौकाच्या चारी बाजूंना जे काठ असतात ते नीट पाहण्यासारखे आहेत. बारीक त्रिकोणांच्या रांगा, नागमोडी रेघा, साखळीसारखी गुंफण, एकाच्या आत एक अशा चार-चार, पाच-पाच पट्ट्या. त्यांत डोंगराचे सुळके आहेत, पाण्याची लाट आहे, पानांची ओळ आहे, आणि तरीही यातले एकही तुम्हांला बोट ठेवून दाखवता येणार नाही. वस्तू हलकी होणे म्हणतात ते हे.

हे काम बायकांचे होते आणि लग्नापुरते होते. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात कागद आणि रंग घेऊन गेले, तेव्हा गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. पुरुष असून आणि लग्नकार्य नसून ते रोज चित्रे काढीत. त्यांचा जन्म १९३४चा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. त्यांनी काढलेले मासे धरण्याचे जाळे ज्यांनी पाहिले असेल, निदान पुस्तकात तरी, त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. कागदभर एक जाळे पसरलेले आहे, केसासारख्या बारीक रेघांचे. ते कुठे फुगते, कुठे आकसते. एकही घर दुसऱ्यासारखे नाही आणि तरी सगळे मिळून एकच जाळे आहे. ते पाहताना पाण्याचा एक थेंबही काढलेला नसून पाणी हलताना दिसते. आमच्यापैकी जे रेवदंडा, अलिबाग, मुरूडकडचे आहेत त्यांनी कोळ्यांची जाळी वाळत घातलेली लहानपणी पाहिली आहेत. जाळे वाऱ्यावर कसे पडते ते ज्याला ठाऊक आहे, त्यालाच असे काढता येते.

याच म्हसेंच्या मुलखातला तारप्याचा फेर आज कपावर आला आहे. मधोमध उभा असतो तो तारपा वाजवणारा. तारपा म्हणजे सुक्या दुधी भोपळ्याचे लांब वाद्य. नाचणारे त्याच्या मागोमाग फिरतात आणि तारप्याला पाठ दाखवीत नाहीत. म्हणून मुळातल्या चित्रात तो फेर पुरा मिटलेला नसतो. शंखासारखा वळत आत जातो आणि त्याचे एक टोक मोकळे राहते. नवीन माणूस येऊन हात धरील याची ती जागा. कपावर पाहा : फेर कंपासाने काढल्यासारखा गोल, मिटलेला, आणि पुष्कळदा वाजवणाराच गायब. कप रंगवणाऱ्याने नाच पाहिला नव्हता, त्याने दुसऱ्याचा कप पाहिला होता. उतारा करणाऱ्याची चूक पुढचा उतारा करणारा फुकट घेतो आणि वर स्वतःची एक घालतो. आम्ही इतकी वर्षे वह्या तपासल्या, कोणी कोणाची वही पाहून लिहिले हे ओळखण्याची खूण हीच.

यावर कोणी म्हणेल, उतरवून घेतल्याशिवाय शिकतो कोण? बरोबर आहे, आणि त्याला अजिंठ्याचा दाखला आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली चित्रे व छतावरची नक्षी कापडावर उतरवून घेत. त्यांतल्या पुष्कळ नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये १८८५ साली लागलेल्या आगीत गेल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने १८९६-९७ साली दोन मोठे खंड छापले. त्या छतांवर काय नाही! कमळाचे देठ, फळांचे घोस, कमळांत शिरलेले हत्ती. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हंसांची एक ओळ आहे. पट्टीत बसवलेली नक्षी असूनही कोणाची मान वळलेली, कोणी चोचीने पंख साफ करतो आहे, कोणी मागच्याकडे पाहतो आहे. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने हंस तळ्याकाठी पाहिले होते यात शंका राहत नाही. ते पोर मुंबईहून गेले, मशालीच्या उजेडात मान वर करून महिनोन्महिने बसले आणि एकेक मान उतरवून घेतली. अशा नकलेत पाहणे असते. नक्कल करणाऱ्याचा डोळा मूळ कारागिराच्या डोळ्यामागून चालत जातो. कपावरच्या नकलेत कोणीच कुठे चालत जात नाही. तेव्हा नक्कल वाईट असा आमचा निकाल नाही. पाहिल्यावाचून केलेली नक्कल वाईट.

इथवर जे लिहिले ते ज्याच्या त्याच्या मुलखात बसून नक्षी काढणाऱ्यांविषयी झाले. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्याचा मुलूख सुटला, त्याने काय पाहून काढावे?

या प्रश्नाला तोंड देणारी एक वही आमच्या पाहण्यात आली. अलिबागला आमच्या जुन्या शेजारच्या वहिनींची मुलगी लग्न होऊन कुवेतला गेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे कित्येक वर्षे ती जलीब अल शुयूखमध्ये राहते. जलीब म्हणजे तिकडच्या बोलीत विहीर. शेखांची विहीर असे त्या जागेचे नाव. आज तिथे विहीर नाही. विमानतळाजवळची ती दाट वस्ती आहे, आपल्या भारतातल्या आणि आसपासच्या देशांतल्या कामकरी माणसांनी भरलेली. इमारतीला इमारत लागून, खिडकीखिडकीला एसीची पेटी. ही बाई घरच्या घरी मुलांना चित्रकला शिकवते आणि पट्ट्या, काठ, वेलबुट्ट्या रंगवते. आमच्या पासपोर्टावर कुवेतला पाऊल टाकता येत नाही, पण सुट्टीत ती माहेरी आली असताना आम्हीही तिकडे गेलो होतो. तिने वही पुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, खरे सांगा. आणि छान छान म्हणू नका." तिची परवानगी घेऊन, नाव न सांगता, आम्ही त्या वहीविषयी खरे ते लिहितो.

वहीत चाळीस पाने आहेत. पहिली पंधरा-सोळा पाने आपल्या ओळखीची : कमळ, मोर, कोयरी, हत्तींची रांग. हात सफाईचा, रंग स्वच्छ, आणि पान उलटल्यावर एकही लक्षात राहत नाही. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे सगळे एका आकाराचे आहेत. मोर पाहिलेल्याला ठाऊक असते की कडेचे डोळे मोठे आणि मानेकडचे लहान होत जातात. या पानांवर मोर नाही, मोराच्या साडीचा काठ आहे.

त्यानंतर एक पान आहे ज्याचे तिथल्या मंडळीत फार कौतुक झाले, असे ती म्हणाली. कुवेत टॉवर्सभोवती वारली फेर. हे टॉवर १९७९ साली लोकांसाठी उघडले. उंच निमुळत्या खांबांवर मोठाले गोल, आणि गोलांवर निळ्या-हिरव्या चकत्यांचे आवरण. कल्पना टाळ्या घेणारी आहे, आणि आमच्या मते वहीतले सगळ्यांत कच्चे पान हेच. तारप्याच्या जागी टॉवर उभा केला, पण टॉवर काही वाजत नाही. मग माणसे त्याच्याभोवती कशासाठी फिरतात? दोन देशांच्या दोन खुणा एका कागदावर ठेवल्या की दोन्हींची भेट झाली असे होत नाही. तिने त्या गोलांवरच्या चकत्या पाहिल्या असत्या तर मासळीच्या खवल्यांची एक सुरेख नक्षी मिळाली असती, आणि ती कोकणच्या हातानेच निघाली असती. असे आम्ही तिला सांगितले. तिने वहीच्या कडेला लगेच दोन ओळी खवले काढून पाहिले.

आम्ही हे बोलत असताना तिने जे विचारले तो या लेखाचा गाभा आहे. ती म्हणाली, "काका, तिकडे झाडच नाही, तर नक्षी कशावरून काढू?"

याचे एक उत्तर त्या वाळवंटातल्याच बायकांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. बदाऊनी बायका जमिनीवर माग ताणून मेंढीची लोकर, बकऱ्याचे आणि उंटाचे केस विणतात आणि त्यातून तंबूचे पडदे, उशा, उंटावरच्या पिशव्या करतात. कुवेत आणि सौदी अरेबियात या विणकामाला सदू म्हणतात. २०२० साली युनेस्कोने या दोन देशांच्या नावाने ते मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातले. कुवेत शहरात त्यासाठी सदू हाऊस नावाची संस्था आहे. ती आम्ही पाहिलेली नाही, पण त्याच जातीचे विणकाम आपल्या नेगेवमध्ये लाकिया गावच्या बायका करतात, आणि बेर-शेवाच्या गुरुवारच्या बदाऊनी बाजारात ते आमच्याप्रमाणेच तुमच्यापैकी अनेकांनी हाताळले असेल. सदूतल्या नक्षीची नावे पाहा. एकीला म्हणतात हबूब, म्हणजे दाणे. एकीला दुरूस अल खैल, घोड्याचे दात. मधल्या सगळ्यांत मोठ्या पट्ट्याचे नाव शजरा, म्हणजे झाड. जिथे झाड दुर्मिळ तिथे सगळ्यांत मानाची पट्टी झाडाची! मागावर वाकडी रेघ निघत नाही, म्हणून झाडही तिरप्या आणि सरळ टप्प्यांनीच उभे राहते. वारली बाईला बांबूच्या काडीने जसे बांधून ठेवले तसे बदाऊनी बाईला मागाने. दोघींनी त्या बंधनातूनच आपली लिपी काढली. आणि दोघींनी काढले ते रोजच्या हाताखालचे, एकीने डोंगर आणि पाने, दुसरीने दाणे आणि घोड्याचे दात.

वहीच्या उत्तरार्धात या बाईलाही हे उमगत गेलेले दिसते. तिथे खजुराच्या खोडाचे एक पान आहे. जुनी पाने कापल्यावर खोडावर जे शंकरपाळ्यासारखे खुंट राहतात त्यांची तिने रांग लावली आहे. ते पाहताच आम्ही म्हणालो, "हा तर फणस!" ती हसली. तिच्या हाताला फणसाच्या सालीची सवय होती म्हणून खजुराचे खोड तिला दिसले. ज्याने फणस पाहिला नाही त्याला कदाचित ते नुसते खोडच दिसले असते. वहीतले सर्वांत चांगले पान आम्ही यालाच म्हणतो. रंग दोनच, मातकट आणि काळसर, आणि प्रत्येक खुंटाची कड थोडी वेगळी तुटलेली.

आर्फज हे कुवेतचे राष्ट्रीय फूल. गुडघाभर उंचीचे झुडूप, वसंतात त्यावर नखाएवढी पिवळी फुले येतात. शहराबाहेरच्या वाळवंटात ती पाहून आल्यावर तिने तीन पाने रंगवली आहेत. पहिल्या पानावर आर्फज सूर्यफुलासारखे मोठे, टवटवीत काढले आहे. कुळ एकच असले तरी ते खोटे वाटते. वाळवंटातल्या झुडपाने असे ऐटीत बसू नये. दुसऱ्या पानावर तिने झुडपाच्या काटक्या आधी काढल्या, करड्या, एकमेकींत अडकलेल्या, आणि फूल म्हणून फक्त पिवळा ठिपका दिला. तिथे ते झुडूप कागदावर आले. तिसऱ्या पानावर ठिपकेही विरळ केले आहेत आणि मोकळी जागा अधिक आहे. मोकळ्या जागेचीच नक्षी झाली आहे. कमळ-मोरांच्या पानांवर ही बाई एक टिचभरही जागा मोकळी सोडीत नसे. ती वाळवंटाकडून काही शिकली, हे आम्हांला त्या मोकळ्या जागेने सांगितले.

आता एक अडचण. याच वहीत, शेवटून चौथ्या-पाचव्या पानावर, आंब्याच्या मोहोराची एक पट्टी आहे. जलीबमध्ये आंब्याचा मोहोर कुठून येणार? आमच्या आतापर्यंतच्या बोलण्याप्रमाणे ते पान पडायला हवे. पण ते पान पडत नाही. मोहोराचा तुरा तिने पुरा काढलेलाच नाही. खाली गळून पडलेली बारीक फुले काढली आहेत, पट्टीच्या तळाशी, झाडल्यासारखी एका बाजूला सारलेली. अंगण झाडणाऱ्या मुलीने मोहोर असाच पाहिलेला असतो. छापील पुस्तकात हा मोहोर सापडणार नाही. हे पान तिने डोळ्यांसमोरून काढले नाही, पण दुसऱ्याच्या वहीतूनही घेतले नाही. हे आमच्या शाळेतले स्मरणचित्र.

इथे आम्हांला तोराची आठवण होते. आपण प्रत्येक वर्षी पाराशा तेरुमा ऐकतो. मेनोराच्या फांद्यांवर बदामाच्या फुलासारख्या वाट्या, त्यांच्या कळ्या आणि पाकळ्या घडवायला सांगितले आहे. पुढच्याच आठवड्यात पाराशा तेत्सावे. कोहेन गादोलच्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी धाग्यांची डाळिंबे, आणि डाळिंबांच्या मधून सोन्याच्या घंटा. एक सोन्यात ठोकलेले, दुसरे धाग्यात गुंफलेले. रंगाचे काम यात नाही हे खरे, पण दोन्ही ठिकाणी झाडापासून नक्षी झाली आहे, आणि ती करणारा बेझालेल हा तोराने नावाने गौरवलेला कारागीर. मूर्ती करू नये ही आज्ञा ज्या तोरात आहे त्याच तोरात फुलाची आणि फळाची नक्षी मोजून-मापून सांगितली आहे. आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्यांना चित्रकला म्हटले की संकोच वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण डाळिंबे करणारे लोक त्या वेळी होते कुठे? वाळवंटात. तिथे डाळिंब नव्हते. पुढे बामिदबारमध्ये, पाराशा हुक्कातमध्ये, हेच लोक मोशेपुढे तक्रार करतात की या जागी धान्य नाही, अंजीर नाही, द्राक्षवेल नाही, डाळिंब नाही. म्हणजे ज्या फळासाठी जीव तळमळत होता तेच त्यांनी झग्याच्या घेराला लावले होते. मागे चाखलेले आणि पुढे मिळेल म्हणून सांगितलेले फळ. ते पाहून काढले नव्हते, त्याची उणीव सोसून काढले होते. आणि त्याला चार जागी हात फिरलेल्या नकलेची कळा नाही.

तेव्हा आमचा निकाल असा. नक्षीला दोनच खरे झरे आहेत. एक, जे रोज डोळ्यांसमोर आहे. दुसरा, जे डोळ्यांसमोरून गेले पण मनात सलते आहे. जलीबच्या वहीत खजुराचे खोड पहिल्या झऱ्याचे आणि मोहोर दुसऱ्या झऱ्याचा. दोन्ही पाने खरी आहेत. मधला कमळ-मोरांचा आणि टॉवरच्या फेराचा गठ्ठा दोन्हींपैकी कशातूनच आलेला नाही. तो बाजारातून आलेला आहे. निसर्ग म्हणजे आकारांचे गोदाम नव्हे, की गेलो, हवा तो आकार उचलला आणि परत आलो. त्याच्याशी आपले काहीतरी देणेघेणे असावे लागते.

हे आम्ही आपल्यासाठी का लिहितो आहोत ते आता सांगतो. आपल्या सभागृहांची सजावट, मेंदीच्या रात्रीचे फलक, नातवंडांनी सणाला केलेली शुभेच्छापत्रे आम्ही पाहतो. त्यांत कोयरी असते. ती काढणाऱ्या नातवाने आंब्याचे झाड पाहिलेले नसते, आणि त्याच्या आईनेही बहुधा नाही. दोघांनी कापडावरची कोयरी पाहिली. याउलट त्याच नातवाच्या खिडकीखाली उन्हाळा सरताना, रोश हाशानाच्या सुमारास, कोरड्या जमिनीतून एकही पान नसताना हात्सावचा पांढरा दांडा वर येतो. खालची फुले आधी उमलतात, वरच्या कळ्या मागून. मग थंडीत कलानितची लाल फुले येतात, तू बिश्वातला शकेदिया फुलते. या मुलाला कोयरी गिरवायला लावून आपण त्याच्याजवळची नक्षी त्याच्यापासून लपवतो. आणि आपल्याजवळची तरी त्याला कुठे देतो?

कारण दुसरा झरा फक्त आपल्याजवळ आहे. आज सत्तरी-ऐंशी उलटलेले आपण हे शेवटचे लोक, ज्यांनी कोकणातली झाडे तिथे राहून पाहिली. सुपारीचा शिपुटा कसा फुटतो, नारळाच्या झापाची वीण कशी पडते, बकुळीचे फूल सुईत ओवताना कसे दिसते, ओल्या वाळूवर खेकड्याने काढलेल्या गोळ्यांची रांगोळी कशी असते, हे छापील पुस्तकात नाही. ते आपल्याबरोबर जाणार. हात थरथरतो म्हणून कोणी मागे सरू नये. थरथरत्या हाताने काढलेला खरा मोहोर, सफाईने छापलेल्या हजार कोयऱ्यांहून नातवाच्या अधिक उपयोगाचा आहे. तो तो मोहोर पाहून विचारील, "साफ्ता, हे काय?" आणि मग जे बोलणे होईल ते कपावरच्या फेराने कधी झाले नाही.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. दोन इंच रुंद कागदाची एक पट्टी घ्या. तिच्या एका अर्ध्या भागात तुम्ही लहानपणी पाहिलेले झाड, पान, शिंपला, जाळे, जे आठवत असेल ते काढा, पुस्तक न उघडता. दुसरा अर्धा भाग नातवंडाला द्या. त्याला दाराबाहेर नेऊन तिथे जे उगवले आहे ते काढायला सांगा. प्रत्येकाखाली त्या वस्तूचे नाव लिहा, तुम्ही मराठीत आणि त्याने हिब्रूत. पट्टी भिंतीला लावा किंवा संपादकांकडे पाठवा. जलीबच्या त्या बाईलाही आम्ही हेच सांगून आलो आहोत, आणि पुढच्या सुट्टीत ती नवी वही दाखवणार आहे.